हाकेच्या अंतरावर

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की रहाटगाव मागे पडतं न पडतं तोच दोन्ही अंगांना पाट्या सुरू होतात. ‘प्लॉट विकणे आहे. एन.ए., टी.पी. मंजूर. सुलभ हप्ते.’ खाली एका सुंदर बंगल्याचं चित्र. बंगल्यापुढे हिरवळ, हिरवळीवर आई, बाप आणि दोन मुलं. आणि त्याच्याही खाली ठळक अक्षरांत ठरलेलं एक वाक्य असतं : ‘शाळा, दवाखाना, मंदिर, बस स्टॉप हाकेच्या अंतरावर.’ नांदगाव पेठ जातं, तरी पाट्या संपत नाहीत. साधारण ३५ किलोमीटरवर गुरुकुंज मोझरी येतं, तोवर अशा पुष्कळ पाट्या वाचून झालेल्या असतात.

या पाट्यांमधलं बाकीचं सगळं मी विसरतो. ‘हाकेच्या अंतरावर’ हे दोन शब्द तेवढे लक्षात राहतात. कोस, फर्लांग, मैल, किलोमीटर अशी अंतराची मापं आली आणि गेली. हाक हे बहुधा त्या सगळ्यांहून जुनं माप आहे, आणि त्याला दोन टोकं लागतात. एका टोकाला हाक मारणारा आणि दुसऱ्या टोकाला ‘ओ’ देणारा. दुसरं टोक नसेल, तर हाक कितीही मोठ्यानं मारा, अंतर मोजता येत नाही.

आज बोलायचं आहे ते घराविषयी. वाड्याविषयी नाही, राजवाड्याविषयी तर नाहीच. गावाबाहेर किंवा शहराबाहेर, साध्या कुटुंबानं आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या घराविषयी, आणि त्या घराभोवती असणाऱ्या किंवा नसणाऱ्या सोयींविषयी. आपल्या वऱ्हाडात ही घरं गावाबाहेर कशी आली, त्यांच्या सोयी कुठून आल्या, आणि वाटेत काय हरवलं, याचा हा थोडा इतिहास.

वऱ्हाडातल्या जुन्या माणसाला विचारलं, तर तो गावाचे दोन भाग सांगतो : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे गावठाण, माणसं राहतात ती जागा. काळी म्हणजे शेतं. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं उभी राहिली, पडली, पुन्हा त्याच मातीतून उभी राहिली. राख, शेण, भिंतींची माती थरावर थर साचत गेली आणि गावठाणाची जमीन शेतापेक्षा उंच आणि फिकट झाली. मोझरी ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर साठच्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर हाती लागले. म्हणजे पांढरी हा नुसता जमिनीचा रंग नाही. तिथे माणसांनी किती काळ चुली पेटवल्या, याची ती नोंद आहे.

पूर्वजांनी घरं पांढरीवर बांधली, यामागे एक साधं शहाणपण होतं. कापसाची काळी जमीन पिकाला उत्तम, पण भिंतीला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांत हात जाईल इतक्या त्या रुंद असतात. अशा जमिनीवर भिंत सरळ राहत नाही. म्हणून पीक काळीत आणि माणूस पांढरीवर, अशी वाटणी झाली.

पांढरीवरचं घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पुढे सपरी, मग माजघर, एका बाजूला स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परस, अंगणात गोठा. अकोला, बुलढाण्याकडे वर मातीचं सपाट धाबं. या घराचं क्षेत्रफळ कुणी चौरस फुटांत मोजत नसे, कारण घर भिंतीपाशी संपतच नव्हतं. पाणी विहिरीवर, गप्पा पारावर, तंटा चावडीवर, भजन मारुतीच्या देवळात, गुरं आखरावर. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांची कामं बलुत्याच्या हिशोबानं व्हायची. आज ज्यांना आपण सोयी-सुविधा म्हणतो, त्या सगळ्या गावात होत्या. आणि त्या खरोखर हाकेच्या अंतरावर होत्या.

पण एवढ्यावर थांबून ‘जुनं ते सोनं’ म्हणण्याची घाई करू नये. कारण ही हाक सगळ्यांसाठी नव्हती.

गावाची वस्ती जिथे संपे, त्याच्या पलीकडे आणखी एक वस्ती असे. तिथल्या माणसांना गावातून हाक यायची ती कामासाठी. विहिरीवर मात्र त्यांना पोहरा सोडता येत नसे. विहीर वीस पावलांवर असली तरी त्यांच्यासाठी ती वीस कोसांवर होती. कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत उन्हात ताटकळत उभं राहायचं. सोय किती जवळ आहे, हे नुसत्या पावलांनी मोजता येत नाही, हे त्या माणसांना आपल्याहून फार आधी कळलेलं होतं.

१९२७ हे या दृष्टीनं मोठं वर्ष. मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला ते अमरावतीत होते. इंद्रभुवन थिएटरमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. याच काळात डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय रेटला. घराच्या इतिहासात हे प्रसंग सहसा कुणी घालत नाही. माझ्या मते ते घालायला हवेत. कारण त्या घटकेपासून आपल्याकडे ‘सार्वजनिक’ या शब्दाला खरा अर्थ येऊ लागला. त्याआधी विहीर गावाची होती. ती लोकांची व्हायची होती.

आता शहराकडे वळू. अमरावतीला गावाबाहेर राहण्याची भीती कशी होती, याचा दगडी पुरावा आजही उभा आहे. जुन्या शहराभोवतीचा परकोट निजामाच्या अमलात १८०७ च्या सुमारास सुरू झाला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना वाचवणं, हा त्याचा हेतू. सुमारे सव्वादोन मैल लांब, २० ते २६ फूट उंच, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यातल्या एकीचं नाव खुनारी. १८१८ साली तिथे झालेल्या दंग्यात सातशे माणसं मारली गेली, म्हणून हे नाव पडलं असं जुनं गॅझेटिअर सांगतं. सायंकाळी दरवाजे बंद होत. आत असलेला सुरक्षित, बाहेर असलेला देवाच्या भरवशावर. अशा काळात ‘शहराबाहेर शांत, मोकळ्या हवेत घर’ ही कल्पना कुणाला सुचली असती, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

चित्र बदललं ते इंग्रजी अमलात. १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाला सोन्याचा भाव दिला. १८६७ साली मुंबईची रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. आणि परकोटापासून दूर, मोकळ्या जागेवर ‘कॅम्प’ उभा राहिला. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, मोठ्या आवारात एकएकटा बंगला. अमरावतीकर आजही त्या भागाला कॅम्पच म्हणतात. शहराच्या भिंतीबाहेर राहणं ही भीतीची नव्हे तर प्रतिष्ठेची गोष्ट आहे, हे वऱ्हाडानं पहिल्यांदा तिथे पाहिलं. प्लॉटच्या पाटीवर जे चित्र असतं ना, हिरवळ आणि बंगला, त्याचा मूळ पुरुष हा कॅम्पातला साहेबाचा बंगला आहे.

फरक एवढाच, की साहेबाच्या बंगल्याला शेजाराची गरज नव्हती. पाणी आणायला भिस्ती, दाराशी पट्टेवाला, तबेल्यात घोडा. हाक मारली की नोकर हजर. आपण त्या बंगल्याचं चित्र उचललं. त्यामागची नोकरांची फौज चित्रात नव्हती, ती आपल्या लक्षात आली नाही.

सर्वांसाठीच्या सोयी हळूहळू आल्या. वडाळी आणि छत्री हे तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पाण्यासाठी कामी आले. आज संध्याकाळी तिथे फिरायला जाणाऱ्या पोरांना ते सहलीचे ठिकाण वाटतं. सरकारी दवाखान्यांना आपण अजून ‘इर्विन’ आणि ‘डफरीन’ म्हणतो. १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं, आजचं विदर्भ महाविद्यालय. १९३२ साली पंजाबरावांनी शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि शेतकऱ्याच्या पोराला शाळा जवळ आली. या यादीकडे नीट पाहा. तळं, दवाखाना, आखाडा, कॉलेज, शाळा. काही सरकारनं केलं, काही लोकांनी. पण आपोआप काहीच झालं नाही. घरामागे घर उभं राहिलं, की सोयी पावसाळ्यातल्या गवतासारख्या उगवतात, असा आपला समज असतो. एकही सोय तशी उगवलेली नाही.

आणि आता आपण मोझरीला येऊन पोहोचलो.

मोझरी हे जुनं गाव. त्याला लागून, नागपूर-अमरावती रस्त्यावर, १९३५ साली तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. महाराजांचा जन्म १९०९ सालचा, याच जिल्ह्यातल्या यावलीचा. आश्रम काढला तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास होतं. त्या वयात माणूस स्वतःच्या घराचा विचार करतो. या तरुण साधूनं सगळ्या गावाच्या घराचा विचार केला. आसपासच्या ओसाड जागेवर आधी लोकांनी एकत्र बसण्याची जागा झाली. पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा दिवसाचा कणा ठरला. पुढे आयुर्वेदाचा दवाखाना, शिक्षणाच्या सोयी, सेवा मंडळाचं काम वाढत गेलं आणि त्या कामाभोवती वस्ती वाढली. ‘गुरुकुंज मोझरी’ हे जोडनाव पडलं ते असं. जुन्या पांढरीला एक नवी वस्ती जोडली गेली.

आपल्या ले-आऊटच्या अगदी उलटा हा क्रम आहे. ले-आऊटमध्ये आधी प्लॉट, मग घर, मग कुंपण, मग कुत्रा, आणि सगळ्यात शेवटी, जमलंच तर, चार लोकांनी एकत्र बसण्याची जागा. गुरुकुंजात सुरुवातच तिथून झाली.

१९५५ साली ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिचे ४१ अध्याय आहेत. अनेक घरांत ती पूजेच्या पाटावर असते, पण तिच्यातल्या अध्यायांची नावं नुसती वाचली, तरी हा ग्रंथ किती जमिनीवरचा आहे ते कळतं. ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य. संत म्हटलं की आपण मोक्षाची वाट विचारतो. हा संत गावातली वाट कशी आहे ते विचारतो. रस्ते, सांडपाणी, उकिरडा, संडास, घरांची मांडणी, शाळा, दवाखाना हे सगळं त्यांच्या दृष्टीनं धर्माच्या कक्षेत येतं. आपलं अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटणारा माणूस स्वच्छ नव्हे, हा त्यांचा आग्रह. याच मातीतले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन नेमकं हेच सांगत फिरले. राज्य सरकारनं २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा त्याला गाडगेबाबांचं नाव दिलं, आणि स्वच्छ गावांच्या स्पर्धेला तुकडोजी महाराजांचं. हे उचित झालं.

गंमत अशी, की साधारण त्याच काळात, जगाच्या दुसऱ्या टोकाला, याच प्रश्नावर एक गृहस्थ विचार करत होते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराच्या आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली ‘शेजार’ हा नगररचनेचा घटक मानावा, अशी कल्पना मांडली. मध्यभागी शाळा. कोणत्याही घरातून मूल मोठा रस्ता न ओलांडता, साधारण पाव मैलात शाळेत पोहोचलं पाहिजे. दुकानं कडेला. आणि एकूण जागेच्या दहा टक्के जागा मैदानांसाठी आणि बागांसाठी मोकळी. पुढे जगभरच्या नगररचनेवर या विचाराची छाप पडली. पेरींना मोझरी ठाऊक नव्हतं आणि मोझरीला पेरी. तरी दोघांना दिसलेली गोष्ट एकच होती. घर एकट्यानं चांगलं होऊ शकत नाही.

आपल्याकडच्या ले-आऊटच्या नियमांतही तो दहा टक्क्यांचा आकडा आहे. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठी जमीन पाडायची असेल, तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिला सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात. इथून पुढचा इतिहास आपल्या पिढीचा आहे, म्हणून थोडं घरचं सांगतो.

आम्ही गावची पांढरी सोडून अमरावतीच्या ले-आऊटमध्ये आलो ते ऐंशीच्या दशकात. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं, महानगरपालिका झाली, आणि भोवतालची गावं शहरात आली. नोकरदार माणसाला घरबांधणीचं कर्ज मिळू लागलं होतं. शिक्षक कॉलनी, महसूल कॉलनी अशी नावं गावोगावी ऐकू येऊ लागली. वडिलांनी ३० बाय ५० चा प्लॉट घेतला आणि एका रविवारी आम्हा सगळ्यांना दाखवायला नेलं. चारी बाजूंनी पऱ्हाटी उभी होती. चुन्याच्या फकीनं आखलेल्या चार रेषा, आणि त्यांच्यामध्ये आमचं भावी घर.

वडील हातवारे करून दाखवत होते. इथे बैठक, इथे स्वयंपाकखोली, तिकडे शाळा होणार, पलीकडे दवाखाना येणार. आजी सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, “हे सारं खरं बाप्पा, पन इथं हाक मारली त ऐकीन कोन?”

तेव्हा आम्ही हसलो. वडीलही हसले. आता त्या प्रश्नावर हसू येत नाही.

घर झालं. पण घर काळीवर होतं, हे पहिल्याच पावसाळ्यानं आठवण करून दिलं. जोत्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग. पैसे वाचवायला पाया उथळ घेतला होता. काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत जावं, मुरूम भरून दाबावा, जोत्यात बीम घालावा, हे शहाणपण मागून आलं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तर अशाच जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगीर पाइल विकसित केला होता. तो मोठ्या इमारतींच्या कामी आला. आमच्यासारख्यांनी दरवर्षी दिवाळीला भेग बुजवून रंग दिला, आणि दरवर्षी उन्हाळ्यानं ती उघडली.

भिंतीच्या भेगेवर इलाज होता. खरी भेग दुसरीकडे होती. विहिरीवर एकत्र येणाऱ्या बायकांना नळ आल्यावर एकत्र येण्याचं कारण राहिलं नाही. नळ आला हे उत्तमच झालं. आधी टँकर, मग बोअर, आणि नव्वदच्या दशकापासून सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी शहराला आलं. ज्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला, तिला विहिरीच्या गोडव्याच्या कथा सांगू नयेत. पण विहिरीवर पाण्यासोबत आणखी एक गोष्ट मिळत असे. कुणाचं मूल आजारी आहे, कुणाची सून परत आली नाही, कुणाच्या घरी दोन दिवस चूल नाही, ही बातमी. तो नळ कुणी बसवला नाही.

आणि ओपन स्पेस? नकाशावर ती हिरव्या रंगात होती. प्रत्यक्षात तिथे आधी विटा पडल्या, मग गाजरगवत, मग एका कोपऱ्यात देऊळ. देवळाला माझा विरोध नाही. त्या देवळानंच निदान संध्याकाळी दहा माणसं एकत्र आणली. पण पोरांना खेळायला जागा राहिली नाही, हेही खरं. अनेक ठिकाणी तर ही मोकळी जागाच प्लॉट पाडून विकली गेली, आणि घेणाऱ्याला ते कळलं घर बांधून झाल्यावर.

ज्यांचं बजेट आमच्याहून लहान होतं, त्यांची कथा आणखी अवघड. त्यांनी शेतातला गुंठा-दीड गुंठा घेतला. ना अकृषक परवानगी, ना मंजूर नकाशा, ना नाली. रस्ता म्हणजे दोन घरांमध्ये उरलेली जागा. अशी वस्ती राज्यभर इतकी वाढली, की २००१ साली गुंठेवारी विकास नियमित करण्याचा कायदा करावा लागला. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्याच्या कक्षेत आली. कायद्यानं घराला कागद मिळाला, हे महत्त्वाचं आहे. कागद हाती नसलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही. पण कागदानं रस्ता रुंद होत नाही. बाळंतीण घेऊन जाणारी गाडी गल्लीत वळत नसेल, तर दवाखाना हाकेच्या अंतरावर असून काय उपयोग?

म्हणून प्लॉट बघायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पाटीवरचं चित्र पाहू नका. पावसाळ्यात जा, मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, आणि पाणी कुठे साचतं ते पाहा. सात-बारा आणि अकृषक आदेश पाहता, तसा मंजूर नकाशा मागा आणि त्यातली मोकळी जागा पायांनी चालून पाहा. शाळा किती दूर, हे घरातल्या सहा वर्षांच्या मुलाच्या पावलांनी मोजा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. ती आहे का, हे विचारा. दवाखाना किती दूर, हे म्हाताऱ्या आईच्या पावलांनी मोजा. संध्याकाळी सातनंतर जा, आणि मुलगी एकटी त्या रस्त्यानं येऊ शकेल का, ते पाहा. आणि शेवटी, आधी राहायला आलेल्या कुणाच्या तरी दाराची कडी वाजवा. दार उघडायला किती वेळ लागतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

ज्यांची घरं बांधून झाली, त्यांनाही उशीर झालेला नाही. आमच्या ले-आऊटची गोष्ट अर्धीच सांगितली. काही वर्षांनी एका रात्री पलीकडच्या गल्लीत एक गृहस्थ जिन्यावरून पडले. घरात बायको एकटी. ती दारात येऊन हाका मारत होती. आमच्या घरापासून तिचं दार शंभर पावलांवर होतं. खिडक्या बंद, कूलर सुरू, टीव्ही सुरू. कुणालाही ऐकू गेलं नाही. अर्ध्या तासानं दूधवाला भैया आला आणि त्यानं ओरडून माणसं गोळा केली. गृहस्थ वाचले. पण दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

त्या रविवारी ओपन स्पेसवर पहिल्यांदा माणसं जमली. अजेंडा नव्हता. कुणीतरी विळा आणला, कुणी फावडं. गाजरगवत काढायला तीन रविवार लागले. मग वर्गणी निघाली, कडूनिंबाची रोपं लागली, दोन सिमेंटची बाकं आली. त्यातलेच एक शिक्षक मोझरीच्या परिसरातले. ते म्हणाले, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं नुसते बसू. आम्ही बसतो. कुणी प्रार्थना म्हणतं, कुणी गप्प बसतं, कुणी महापालिकेला द्यायच्या अर्जावर सह्या घेतं. नालीसाठी आम्ही किती अर्ज केले ते सांगत नाही. नाली झाली एवढं सांगतो. एकेकट्यानं केलेले अर्ज फायलीत राहिले होते. चाळीस घरांच्या सह्यांचा अर्ज हलला.

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास गुरुकुंजात महाराजांची पुण्यतिथी होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्यांचं देहावसान झालं. पुण्यतिथीच्या सोहळ्यात त्या मिनिटाला मौन श्रद्धांजली असते. गावोगावाहून आलेला अफाट समुदाय एका क्षणी गप्प होतो. मी दोनदा त्या गर्दीत उभा राहिलो आहे. लाखांच्या समुदायात इतकी शांतता, की बाजूच्या माणसाचा श्वास ऐकू येतो. शेजारी उभ्या असलेल्याचं नाव, गाव, जात काही ठाऊक नसतं. पण त्याला घेरी आली असती, तर चारी बाजूंनी हात पुढे आले असते, याबद्दल मनात शंका नव्हती.

परतताना पुन्हा त्याच पाट्या लागतात. बंगला, हिरवळ, आई-बाप, दोन मुलं. दर वेळी मला वाटतं, चित्रकारानं कुंपणापलीकडे एक शेजारी काढायला हवा होता.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला फार उशीर लागला. आता संध्याकाळी मी ओपन स्पेसच्या बाकावर बसतो, तेव्हा कडूनिंबाच्या पलीकडून कुणीतरी एखाद्या पोराला जेवायला हाक मारतं. पोरगं खेळात दंग असतं, ते ऐकत नाही. मग बाकावरचे आम्ही दोघं-तिघं म्हातारे एकदम ओरडतो, “अरे, घरी बोलावतात तुला!”